सिस्टरला विचारा: आकडे ठीक आहेत, पण पेशंट ठीक नाही

पावसाळा सरत आला की या सदराची पत्रं वाढतात, डेंग्यू, लेप्टो, बाथरूममध्ये घसरून पडलेल्या आज्या, सगळं एकदम येतं. यावेळी सगळी पत्रं लागोपाठ वाचली तेव्हा लक्षात आलं की प्रश्न वेगवेगळे असले तरी विचारायचंय एकच, नर्स नक्की बघते काय. बीपी घेते, गोळ्या देते, सलाईन बदलते हे सगळ्यांना दिसतं, पण ती बेडपाशी दोन मिनिटं उभी राहते तेव्हा तिच्या डोक्यात काय चालू असतं ते कोणाला दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही पण ते कधी कोणाला नीट सांगितलेलं नाही. मी बत्तीस वर्षं म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात काढली, त्यातली बरीचशी नाइटला, तेव्हा आता जमेल तसं सांगते.

प्रश्न: सिस्टर, जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) होऊन दीड वर्ष झालं, बोरिवलीला एका खाजगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला आहे. बासष्ट वर्षांचे काका होते, बीपीचे जुने पेशंट, आतड्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. रात्री दीडला मला ते काही बरोबर वाटेनात. पल्स १०४, बीपी ११८/७०, टेंपरेचर ९९.२, साच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९५, म्हणजे तसं ठीकच. पण आदल्या रात्री हेच काका मला पेपर मागत होते, नातीचं कौतुक सांगत होते आणि आज गप्प, नुसती चादर ओढत होते, कपाळावर घाम, मधेच म्हणाले मी घरी कधी आलो, मला वाटलं झोपेत आहेत. आरएमओ सरांना, म्हणजे रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला, म्हटलं सर पेशंट जरा बरोबर वाटत नाहीये. ते म्हणाले व्हायटल्स (पल्स, बीपी वगैरे) सांग, सांगितले, तर म्हणाले नॉर्मल तर आहे सगळं, झोपू दे त्यांना. सकाळी सर्जन राउंडला आले आणि धावपळच झाली, आतड्याचा जोड लीक झाला होता, परत ऑपरेशन, आता आयसीयूत आहेत. मला झोप लागत नाही. मला जे वाटत होतं ते खरं होतं का? आणि नुसत्या वाटण्यावर डॉक्टरांनी विश्वास तरी का ठेवावा?

उत्तर: बाळा, आधी एक, काका आयसीयूत आहेत म्हणजे वेळेत पोचलेत, ते धरून जेव आणि झोप. आता कामाचं बोलू.

तुझं ते 'वाटणं' नव्हतं गं. तुझंच पत्र परत वाच. काल बोलत होते आज गप्प, हा बदल. चादर ओढत होते, ही बेचैनी. एसी वॉर्डात कपाळावर घाम. आणि मी घरी कधी आलो हे वाक्य, जे तू झोपेच्या खात्यात टाकलंस. एवढं सगळं तुझ्या डोळ्यांनी टिपलेलं होतं, फक्त त्याला नाव दिलं नाहीस आणि फोनवर एका 'बरोबर वाटत नाहीये'मध्ये गुंडाळून टाकलंस. क्रिस्टीन टॅनर या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने २००६ मध्ये नर्स निर्णय कसा घेते ते चार पायऱ्यांत मांडलं, आधी लक्षात येणं, मग त्याचा अर्थ लावणं, मग कृती आणि मग मागे वळून बघणं. तू पहिली पायरी मस्त चढलीस, दुसरीवर अडखळलीस, आणि हे पत्र म्हणजे तुझी चौथी पायरी चालू आहे.

आता आकड्यांकडे ये. १०४ ठीक का वाटली, कारण तू फक्त तेवढीच बघितलीस, आधीची नाही. चार्टवर दुपारी किती होती, संध्याकाळी किती होती? मला खात्री आहे की ७८, ८४, ९२ अशी ती जिना चढत आली असणार, कारण अशा पेशंटची बहुतेक वेळा तशीच येते. बीपीचं तर त्याहून वाईट. काका बीपीचे पेशंट, ऑपरेशनच्या आधीचा केसपेपर काढून बघ, तिथे १५० च्या आसपास असेल. मग त्यांच्यासाठी ११८ म्हणजे बीपी पडलंय! माझ्यासारखीचं ११८ आणि त्यांचं ११८ एक नाही. आणि बीपीसाठी ते ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेत असतील तर ती पल्स दाबून धरते, म्हणजे गोळीवर असून १०४ हा आकडा अजून मोठा धरायचा. हे सगळं मशीन सांगत नाही, ते चार दिवस त्या माणसाला बघणारीलाच माहीत असतं.

आणि पत्रात एक गोष्ट नाहीच आहे, तुझ्या लक्षात आलं का? श्वास. पल्स आहे, बीपी आहे, टेंपरेचर, साच्युरेशन सगळं आहे, श्वास मिनिटाला किती ते नाही. चार्टवर बहुतेक १८ लिहिलेलं असणार, सगळ्यांच्याच चार्टवर असतं (यावर शेवटी एका पोराचं पत्र आहे ते वाच).

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनी २०१२ मध्ये एक स्कोअर काढला, न्यूज म्हणतात त्याला, २०१७ मध्ये सुधारला. श्वास, साच्युरेशन, बीपी, पल्स, शुद्ध आणि टेंपरेचर, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, ऑक्सिजन लावलेला असेल तर वर दोन. जितके मार्क जास्त तितका पेशंट बिघडलेला, शाळेच्या उलटं. तुझ्या काकांचा लावून बघू. पल्स १०४ चा एक, साच्युरेशन ९५ चा एक, बाकी शून्य, झाले दोन. दोनला कोणी धावत येत नाही, आणि तुझे आरएमओ पण नाही आले. आता समज श्वास मोजला असतास आणि तो २४ निघाला असता, तर त्याचे दोन, झाले चार. आणि 'मी घरी कधी आलो' हे झोपेतलं न धरता नवीन गोंधळ म्हणून धरलं असतंस तर त्याचे एकट्याचे तीन. झाले सात! सातला इमर्जन्सी असते. तोच माणूस, तीच खाट, रात्रीचा तोच दीड, दोनचे सात झाले ते फक्त एक मिनिट घड्याळ बघून आणि एक प्रश्न विचारून, काका आत्ता आपण कुठे आहोत? नवीन गोंधळ हा मुद्दा २०१७ च्या सुधारणेत मुद्दाम घातला, आणि त्यातही बीपी ११८ ला शून्यच मिळतो हे बघ, काकांचं नेहमीचं बीपी स्कोअरला माहीत नसतं. म्हणून स्कोअर काढायचा पण त्याच्यावर डोकं गहाण टाकायचं नाही.

आता फोन. पेशंट बरोबर वाटत नाही हे वाक्य रात्री दीडला झोपेतून उठलेल्या आरएमओला ऐकवलं तर तो आकडेच मागणार, त्याचं तरी काय चुकलं (थोडं चुकलं, पण ते त्याच्या सिनियरनी बघावं). फोन उचलायच्या आधी अर्धं मिनिट केसपेपर हातात घे आणि असं बोल: "सर, सर्जिकल वॉर्ड, बेड अकरा, आतड्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. दुपारपासून पल्स ७८ ची १०४ झालीय, नेहमी बीपी १५० असतं ते ११८ आहे, श्वास २४, घाम फुटलाय आणि आत्ता कुठे आहेत ते त्यांना सांगता येत नाहीये. मला पोटात काहीतरी बिघडल्यासारखं वाटतंय. तुम्ही दहा मिनिटांत येऊन बघा, तोवर मी काय सुरू करू?" काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं आणि तुमच्याकडून काय हवंय. ही पद्धत मुळात अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची, तिथून हॉस्पिटलांत आली. शेवटचं वाक्य आपल्याकडच्या पोरी गाळतात, डॉक्टरला या म्हणून कसं सांगायचं, उद्धट वाटेल. अगं, या म्हणण्यात उद्धट काय आहे? नाही आले तर पंधरा मिनिटांनी सगळं परत घे, परत फोन कर, इन-चार्जना उठव, मग सर्जनना, आणि प्रत्येक फोन वेळ टाकून नर्सिंग नोट्समध्ये लिही. भांडणासाठी नाही, पुढच्या शिफ्टला कळावं म्हणून, आणि हो, भांडणासाठी पण.

आणि वाटण्यावर विश्वास का ठेवावा म्हणतेस, तर सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलात १९९० मध्ये वॉर्डात बिघडणाऱ्या पेशंटकडे लगेच धावणारी टीम सुरू झाली, तिला बोलवायच्या कारणांत नाडी-बीपीच्या आकड्यांबरोबर 'पेशंटची काळजी वाटते' हे पण कारण होतं. आकडा नसला तरी चालेल, काळजी वाटली तर बोलवा. म्हणजे तुझं वाटणं दुसऱ्या देशात कागदावर नियम म्हणून आहे.

प्रश्न: आई, वय ७८, गिरगावात आमच्या चाळीतल्या मोरीत घसरून डोक्यावर पडली, टाके पडले, एक रात्र वॉर्डात ठेवली होती. सिस्टर दर तासाला येऊन तिला उठवत होत्या, डोळ्यात टॉर्च, नाव काय, कुठे आहात, आज वार कोणता, माझे हात दाबा. बिचारीला झोपूच दिलं नाही. डॉक्टरनी तपासलेलं असताना नर्सनी परत तेच विचारायचं कशाला? आम्ही दोन शब्द सुनावले पण त्या थांबल्या नाहीत.

उत्तर: थांबल्या नाहीत ते बरं झालं. तुमची चिडचिड समजू शकते हो, पण झोपलेली आई आणि गुंगीत चाललेली आई खाटेपाशी उभं राहून बघितलं तर अगदी सारखी दिसते, घोरतात सुद्धा दोघी. फरक कळायला उठवावंच लागतं. म्हाताऱ्या माणसांत डोक्यातला रक्तस्राव हळूहळू वाढू शकतो, पहिला स्कॅन साफ असला तरी नंतर त्रास होऊ शकतो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच.

त्या विचारत होत्या तो सगळा ग्लासगो कोमा स्केलचा भाग. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये बसवलेला हिशेब, आता त्यात डोळे उघडण्याचे चार, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा, पूर्ण शुद्धीत पंधरा आणि कमीत कमी तीन, मेलेल्या माणसाचे पण तीन होतात. डॉक्टरनी संध्याकाळी बघितलं तेव्हा पंधरा होते हे खरं, पण प्रश्न रात्री तीनला किती आहेत हा असतो. दोनने खाली आले की सिस्टर न विचारता फोनकडे पळते. म्हणून तेच तेच प्रश्न, कारण वेगळे प्रश्न विचारले तर तुलना कशाशी करणार?

पुढच्या वेळी (येऊ नये) सुनावण्याऐवजी सिस्टरला मदत करा. आईला कमी ऐकू येतं का, घरी फक्त मालवणीतच बोलते का, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, कारण त्यानंतर बाहुलीचा आकार जरा वेगळा दिसू शकतो आणि आम्ही उगाच घाबरतो. वार नेहमीच चुकते का हे पण सांगा. माझ्या वॉर्डात एक आजी होत्या, वार विचारला की म्हणायच्या, रिटायर माणसाला कसला वार गं, तूच सांग, सुट्टी कधी आहे तुझी? पूर्ण पंधरा मार्क. आणि पहाटे चारला त्याच आजी नुसत्या 'हं' म्हणाल्या तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तुम्हाला आई वेगळी वाटली, बोलण्याचा ढंग बदललेला वाटला, तर संकोच न करता जाऊन सांगा, तिला आम्ही एका रात्रीपुरतं ओळखतो, तुम्ही जन्मभर.

प्रश्न: भांडुपहून लिहितेय. मिस्टरांना डेंग्यू झाला, पाचव्या दिवशी ताप उतरला, आम्ही देवाला साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी नुसता थकवा, पोटात दुखतंय म्हणत होते, दोन-तीन उलट्या, म्हणून प्लेटलेट बघायला हॉस्पिटलात नेलं, ओपीडीला मरणाची गर्दी. तिथल्या सिस्टरनी बसल्या बसल्या बीपी घेतलं, परत घेतलं, नख दाबलं, विचारलं लघवीला शेवटचं कधी गेलात, आणि ह्यांना थेट आत नेऊन झोपवलं. रिपोर्ट तर बघितलाच नाही! चार दिवस ॲडमिट होते, आता बरे आहेत. ताप नव्हता, प्लेटलेट ९२ हजार होते, मग त्यांनी बघितलं काय?

उत्तर: त्या सिस्टरचा पत्ता मिळाला तर मला कळवा, पेढे घेऊन जाते.

डेंग्यूचा खरा घात ताप उतरल्यावर सुरू होतो हे दरवर्षी लिहिते आणि दरवर्षी देवाला साखर ठेवली जाते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि पुढचे २४ ते ४८ तास काही जणांच्या रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपून पोटात, छातीत साचतो, आत उरतं ते घट्ट रक्त. बाहेरून रक्त दिसत नाही, माणूस बोलतो चालतो, आणि आतून टाकी रिकामी होत असते. ताप उतरलाय आणि माणूस तरतरीत व्हायच्या ऐवजी अजून मलूल होतोय, हे पहिलं तिने पकडलं. पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा बेचैनी ही जागतिक आरोग्य संघटनेने २००९ पासून धोक्याची लक्षणं म्हणून लिहून ठेवलीत, त्यातली दोन तुमच्या मिस्टरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली होती.

बीपी दोनदा का? आपण फक्त वरचा आकडा बघतो, तिने दोन आकड्यांतलं अंतर बघितलं असणार. समजा १०० वर ८४ आलं. घरचे म्हणतील शंभर आहे, ठीक आहे. पण मधलं अंतर १६ आहे, आणि डेंग्यूत ते वीस किंवा त्याखाली आलं म्हणजे शरीर शॉकच्या दारात आहे, नळ्या आवळून वरचा आकडा कसाबसा टिकवून ठेवलाय. मशीन चुकलं असेल म्हणून परत घेतलं, कदाचित हाताने, कानाला स्टेथो लावून. नख दाबून सोडलं की गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा, उशीर लागला तर हातापायाकडे रक्त नीट पोचत नाहीये, आणि तेव्हाच बोटं गार आहेत का ते पण तिच्या हाताला कळलं. लघवीचं विचारलं कारण किडनीला रक्त कमी पडलं की सगळ्यात आधी ती पाणी राखायला लागते. साठ किलोच्या माणसाला तासाला तीस मिली तरी व्हायला हवी, सकाळपासून गेलेच नाहीत म्हटल्यावर तिला अजून काय कळायचं राहिलं?

प्लेटलेटचा आकडा तिला नकोच होता. आपल्याकडे डेंग्यू म्हटलं की सोसायटीच्या ग्रुपवर कोणाचे किती एवढंच चालतं, त्या रिपोर्टात पीसीव्ही म्हणून एक आकडा असतो तो कोणी वाचत नाही, आणि रक्त घट्ट होतंय का ते सांगतो तोच. पपईच्या पानाच्या रसावरून मी कोणाशी भांडत नाही, पण उलट्या होणाऱ्या माणसाला तो कडूजार रस पाजू नका एवढं ऐका. आणि तापाला, अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल, ते पण डॉक्टरनी सांगितलंय तेवढंच, ब्रुफेन, डिक्लो, ॲस्पिरिन ह्यातलं काही मनाने नाही.

प्रश्न: घरचं ऑक्सिमीटर कधी ९८ दाखवतं, कधी ८७, विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर: माणसावर. गप्पा मारत चहा पिणाऱ्याचं ८७ आलं तर आधी बोट बघा, नेलपेंट आहे का, हात गार पडलेत का, बोट हलतंय का, मशीनचा सेल उतरलाय का, हात चोळून गरम करून दुसऱ्या बोटाला लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. तरी कमीच आलं तर डॉक्टर. पण उलट असेल, म्हणजे मशीन ९७ म्हणतंय आणि माणसाला एक वाक्य सलग बोलता येत नाहीये, खांदे उचलून श्वास घेतोय, तर मशीन ठेवा ड्रॉवरमध्ये आणि ॲम्ब्युलन्स बोलवा, १०८.

प्रश्न: सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, कांदिवलीला घरीच आहेत, दिवसा ब्युरोची बाई असते. माकडहाडावर लाल झालंय. बाई म्हणते घामोळं आहे, पावडर लावते आणि चोळते. मला शंका येतेय.

उत्तर: शंका बरोबर आहे. बोटाने त्या लालीवर दाबा आणि सोडा. दाबल्यावर पांढरी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिली तर बेडसोर सुरू झालाय, कातडी फाटली नसली तरी. सासूबाई सावळ्या असतील तर लाली दिसणारच नाही, तेव्हा हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतं का.

चोळणं आजपासून बंद. आतलं मांस आधीच दबून उपाशी आहे, त्याला अजून रगडायचं नाही. पावडरचे घामात खडे होतात, स्पिरिटने कातडी कोरडी पडते, दोन्ही नको. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागे उशी लावून अर्धवट कुशीवर, आणि ऑपरेशन झालं असेल किंवा नसेल, कुठल्या कुशीवर चालेल ते ऑर्थोच्या डॉक्टरांना आधी विचारा. पोटरीखाली उशी अशी की टाच हवेत राहील, टाचा सगळे विसरतात. मधे भोक असलेली ती रबरी रिंग देऊ नका, कडेला उलट जास्त दाब येतो. हवेची गादी चांगली, पण गादी आणली म्हणून कूस बदलायची सुट्टी नाही, आमच्याकडे नातेवाईक पाच-सहा हजाराची गादी आणून निश्चिंत व्हायचे आणि आम्ही डोक्याला हात लावायचो. डायपर ओला ठेवायचा नाही, आपल्या मुंबईच्या दमटपणात तर अजिबातच. अंडं खात असतील तर रोज, नाहीतर डाळ, पनीर, दही.

हॉस्पिटलात आम्ही यासाठी ब्रेडन स्केल लावतो, दुखलं-टोचलं जाणवतं का, अंग किती ओलं असतं, किती हलतात, कूस स्वतः बदलतात का, खातात किती आणि अंथरुणात घसरतात-घासतात का, तेवीसपैकी अठरा किंवा खाली आले की सावध. पण खरं काम दोन तासांचंच. केईएमच्या नर्सेसनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी नर्स अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं, इतकी वर्षं अंथरुणात असून त्यांना बेडसोर झाला नाही याची दखल सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालात आहे. तिथे काही जादूची गादी नव्हती हो. पाळीपाळीने कूस बदलणारे हात होते. ब्युरोच्या बाईशी भांडू नका, दाराला एक कागद लावा, किती वाजता कुठल्या कुशीवर, आणि तिलाच सही करायला सांगा, आपोआप होतं. कातडी फाटली, वास आला, पाणी यायला लागलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न: मी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुलगा आहे, सगळे ब्रदर म्हणतात. वॉर्डात सगळ्यांच्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर श्वास १८ किंवा २० च असतो. मी मोजायला लागलो तर सिनियर हसतात, म्हणाले तीस पेशंटचा श्वास मोजशील तर जेवशील कधी. खरंच मोजायचा का?

उत्तर: मोजायचा, पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसात बारा ते वीस नॉर्मल, आणि बिघडणाऱ्या पेशंटमध्ये बऱ्याचदा बीपीच्या कितीतरी आधी हाच आकडा हलतो. पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नाडीच बघतोयस असं दाखवायचं आणि नजर छातीवर, नाहीतर पोटावर. तीस जणांना वेळ नाही हे मला पण माहीत आहे, मी पण त्याच वॉर्डातली. मग आजचं ऑपरेशन झालेले, ताप असलेले, म्हातारे आणि तुला जे बघून ठीक वाटले नाहीत ते, एवढे तरी नक्की.

मी स्टुडंट होते तेव्हा एका बाईंच्या चार्टवर न बघता २० टाकले. आमच्या इन-चार्ज सिस्टर, कडक होत्या फार, त्यांनी मला काही न बोलता खाटेशेजारी स्टुलावर बसवलं, स्वतःचं घड्याळ काढून हातात दिलं, म्हणाल्या मोज. बत्तीस आले. मी रबर शोधायला लागले तर हात धरला. माझे २० त्यांनी खोडू दिले नाहीत, शेजारी ३२ लिहायला लावले, वेळ टाकायला लावली, खाली माझी सही घेतली, आणि मग स्वतः फोन करायला गेल्या.